मागचं हिरवं

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले, मनात आहेत असं समजू नकोस.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला ओरडतोस आणि मी चौथ्याला फोन आपटते. पत्रात निदान तुला मधे तोंड घालता येत नाही.

कामाचं सांगते. आईचं पुस्तक निघतंय. आमच्या छापखान्याच्या मालकांना मी तिचे फोटो दाखवले. बारा वर्षं मी तिथे रंग तपासते, छापलेलं पान मूळ फोटोशी ताडून लाल चढला की निळा उतरला ते सांगते. एवढ्या वर्षांत माझ्या हातातल्या कुठल्याही कागदाकडे मालकांनी दोनदा पाहिलं नव्हतं. आईचा मुंगळा त्यांनी पाच मिनिटं हातात धरून ठेवला. 'एका परसातले किडे' हे नाव आईनेच ठरवलेलं, आकडाही तिचाच: चाळीस. यादी तिच्या वहीत आहे. एकतीस झाले, नऊ राहिले आणि ती गेली. मालक म्हणतात, चाळीस द्या, नोव्हेंबरअखेर द्या. डिसेंबरात यंत्र मोकळं आहे, पुढे वर्षभर नाही. म्हणजे आत्ता नाही झालं तर आईचं पुस्तक होणार नाही, हे नीट डोक्यात घाल.

ते नऊ फोटो तुला काढायचे आहेत. मला हे आवडतंय अशातला भाग नाही. पण तिचा कॅमेरा तुझ्याकडे, फ्लॅश तुझ्याकडे, फ्लॅशपुढे धरायचा तो बूड कापलेला पांढरा वाडगा तुझ्याकडे, आणि मागचं परसही तुझ्याच ताब्यात. त्या घराचा उंबरठा पुन्हा चढणार नाही असं मी म्हणाले होते आणि मी दिलेला शब्द पाळते. आपल्या दोघांत ही खोड एकालाच आहे.

यादी सोबत जोडली आहे. सोंड्या किड्यापासून सुरुवात, कुंभारमाशीवर शेवट. आईची पद्धत तुला ठाऊक आहे, तरी सांगते: किड्याच्या मागे त्याचं घर दिसलं पाहिजे. पान, फांदी, टाकीची भिंत, जे असेल ते, धूसर का होईना.

दिवसभर लोकांना 'हनुवटी वर, डोळे उघडे' सांगून पोट भरतोस. नऊ किड्यांना तर हनुवटीही नसते. वेळ काढ.

लोभ नसला तरी चालेल, फोटो असावेत.

ताई


१९ ऑगस्ट

ती. ताईस,

नमस्कार. तुझे आशीर्वाद पोचले. तिकिटाचे पैसे वाया गेले.

शब्द पाळणाऱ्या माणसांचं एक बरं असतं, स्वतः घरी येत नाहीत आणि कामं मात्र घरपोच पाठवतात. लग्नसराई संपून मी जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात तुझा हुकूम आला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गेल्या वर्षी मार्चात तू दारात उभी राहून, चार शेजारी ऐकत असताना, मला विचारलंस: "घरात होतास ना? मग आई अडीच तास परसात पडून कशी राहिली?" मी तुला दार दाखवलं. आजही दाखवीन. तो विषय सोडून काय हवं ते लिही, मी उत्तर देईन. तो विषय काढलास तर पत्र न वाचता फाडीन.

तीन फोटो पाठवतोय. सोंड्या किडा, हिरवा ढालकिडा, लाल ठिपक्यांचा भुंगेरा. भिंगाखाली धर. सोंड्याच्या पायावरचे केस मोजता येतात. आईच्या कॅमेऱ्याची काच अजून चांगली आहे, आणि माझा हातही, हे तू मान्य करणार नाहीस म्हणून मीच लिहून ठेवतो.

बायको बरी आहे.

धाकटा


३० ऑगस्ट

चि. धाकट्यास,

फोटो मिळाले. केस मोजले. मागे काय आहे ते मात्र मोजता आलं नाही, कारण मागे काहीच नाही. डांबरासारखं काळं. ते तीन किडे बघून वाटतं, कुणीतरी त्यांना अंधारकोठडीत डांबून मग चौकशी केलीय.

वीस वर्षं स्टुडिओ चालवणाऱ्याला फ्लॅश म्हणजे काय हे मी सांगायचं, ही वेळ यावी! तर ऐक. फ्लॅशचा उजेड हातभर पोचतो. किडा वीतभर अंतरावर असतो, त्याला तो मिळतो. मागची जास्वंद चार हात लांब, तिथे पोचेपर्यंत त्या उजेडात जीव उरत नाही. त्यात तू शटर दोनशेवर ठेवणार, म्हणजे बाहेरचा दिवस आत यायच्या आधीच दार बंद. मग मागचं काळं होईल नाही तर काय? आई शटर चाळीसवर आणायची, सेकंदाचा चाळिसावा भाग. आयएसओ आठशेपर्यंत चढवायची, म्हणजे मंद उजेडही कॅमेऱ्याला पुरतो. फ्लॅशची ताकद अगदी कमी करून वाडग्यातून हलकेच सोडायची. किड्याला फ्लॅशने उजळायचं आणि झाडाला दिवसाने. तासन् तास पालथी पडून ती हे करायची आणि तू खिडकीतून बघत मोठा झालास.

आई पालथी पडली की तिला हाक मारायची नाही, हे तुला मी शिकवलं आणि एका थोबाडीत शिकलास. फोटोचं शिकवणं मी आईवर सोडलं, तिथे घोटाळा झाला. ती कुणाला मारत नसे.

हे तीन परत पाठवतेय. सकाळी आठला टाकीजवळ जा. कोवळं ऊन जास्वंदीच्या मागून येतं, तेव्हा मागचं हिरवं आपोआप उजळतं. तिथे पड आणि वाट बघ. परसात जायला तुला काय झालंय? पायरी उतरली की परस.

ताई


१४ सप्टेंबर

ती. ताईस,

तुझा वर्ग आवडला. फी किती?

शटर चाळीसवर आणलं की काय होतं ते तुझ्या छापखान्यात बसून दिसत नाही. वारा असतो, पान हलतं. फ्लॅश किड्याला एका जागी गोठवतो, आणि शटर उघडं असेपर्यंत तोच किडा दिवसाच्या उजेडात पुन्हा थोडा सरकून उमटतो. मग दोन मिशांच्या चार मिशा होतात. तुला चार मिशांचे किडे हवेत का पुस्तकात? मालक दहा मिनिटं हातात धरतील.

आणि काळं इतकं वाईट असतं हे तुला कुणी सांगितलं? दागिन्यांचे फोटो काळ्यावरच काढतात. काळ्यावर माल उठून दिसतो. गिऱ्हाईक ते बघून थांबतं. आईची पद्धत ती आईची, मी काही तिची कार्बन कॉपी नाही. तू तर मुळीच नाहीस, तिला राग येत नसे.

आणखी चार पाठवतोय. एक जास्तीचा आहे, भेट समज.

पायरी उतरण्याबद्दल मला शिकवू नकोस. पायरी मी रोज बघतो.

धाकटा


२५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

जास्तीचा जो पाठवलास तो कोळी आहे. आठ पाय मोज. कोळी किडा नव्हे, हे आपल्या घरातलं मांजरही सांगू शकलं असतं. आई शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं हेच सांगत आली, आणि तिच्या पोटच्या गोळ्याने तिच्या पुस्तकासाठी कोळी धाडला. मी हसले. नंतर मला इतका संताप आला की जेवले नाही.

उरलेल्या तिघांबद्दल. काळं तर आहेच, त्याचं आता काय बोलायचं. पण निळ्या भुंगेऱ्याच्या पाठीवर मला थेंब दिसले. दव असेल म्हणून खूश झाले, म्हटलं गेला बाबा एकदाचा सकाळी बाहेर. मग भिंग घेऊन बसले. ते दव नाही. फ्रीजमधून बाटली बाहेर काढली की तिला जो घाम फुटतो, तो आहे. पायही पोटाशी आखडलेले. किडे फ्रीजमध्ये ठेवून गारठवतोस आणि टेबलावर मांडून फोटो काढतोस, होय ना? एका पाहुण्याने आईला ही युक्ती सांगितली होती. तिने त्याचा चहाचा कप अर्ध्यावरून उचलून नेला होता. तू तिथेच बसला होतास.

पायरी उतरायचाही कंटाळा? एवढा माज कसला रे? अंगणाएवढी जागा तिने चाळीस वर्षं जपली, एक फवारणी होऊ दिली नाही, सुकलेलं पान उचलू दिलं नाही, आणि तुला तिथे अर्धा तास पडवत नाही?

आता शेवटचं ऐक. ऑक्टोबरच्या वीस तारखेला मी रजा टाकते. उंबरठा चढणार नाही, शब्द म्हणजे शब्द. मागच्या फाटकातून थेट परसात येईन, पालथी पडेन, नऊ फोटो काढीन आणि तुझ्या घरचं पाणीही न पिता परत जाईन. कॅमेरा आणि वाडगा तेवढा पायरीवर काढून ठेव.

ताई


९ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न.

रजा टाकू नकोस. तुझ्या कामाचे दिवस आहेत, उगीच खाडा कशाला.

तुझं म्हणणं पटलं. नऊच्या नऊ फोटो नव्याने काढले, सोबत आहेत. शटर चाळीस, आयएसओ आठशे, फ्लॅश वाडग्यातून. मागचं हिरवं आलंय. फ्रीजचं तू म्हणालीस ते खरं होतं, चूक झाली. या वेळी किडे जागे आहेत.

तब्येत सांभाळ. येण्याची तसदी घेऊ नकोस.

तुझा धाकटा


१७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद.

'तुझा' हा शब्द वाचून मी पाकीट उलटून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं पत्र आलं की काय म्हणून.

फोटो पाहिले. तुला हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण खोटं बोलणार नाही: छान आहेत. ढालकिड्याच्या पाठीवरचा उजेड मऊ आहे, कुठे डोळ्यात खुपत नाही. आणि मागचं हिरवं! दीड वर्षाने मी आपलं परस पाहिलं. धूसर असलं म्हणून काय झालं, मला ते पावलापावलाने ओळखता येतं. मी छापखान्यात, यंत्रावरच्या माणसांसमोर, रडले. मालकांनी कुणाला तरी पाणी आणायला पाठवलं.

रजा रद्द केली. फोटो पुढच्या कामाला दिले.

तुझ्या बाकीच्या गुणांबद्दल माझं मत तेच आहे. पण फोटो छान आहेत.

ताई


२१ ऑक्टोबर

धाकट्या,

नऊही फोटोंचे छापील नमुने काल माझ्या टेबलावर एका ओळीत लागले. रंग तपासायला घेतले. माझं काम काय आहे ते तू विसरलास.

नऊही फोटोंत डावीकडे वरच्या बाजूला एक पिवळा डाग आहे. आधी शाईचा वाटला, मग म्हटलं फूल असेल. पण सोंड्या किड्याच्या मागे तिथेच, भुंगेऱ्याच्या मागे तिथेच, कुंभारमाशीच्या मागे तिथेच. फूल इतकं शहाण्यासारखं एका जागी राहत नाही. मग उजेड पाहिला. किड्यांना तो उजवीकडून आहे आणि मागच्या पानांना डावीकडून. आपल्याकडे सूर्य एकच आहे ना?

तो पिवळा डाग आईचा स्वेटर आहे. ती टाकीजवळ उकिडवी बसलीय, जास्वंदीच्या खाली काहीतरी शोधतेय. हा फोटो मी काढला होता, स्वयंपाकघराच्या पायरीवरून, नऊ वर्षांपूर्वी. स्वेटर मी आणलेला, रंग तिला भडक वाटला होता. तू तो फोटो मोठा छापून किड्यांच्या मागे टांगलास. स्टुडिओत लोकांच्या मागे खोटा समुद्र टांगतोस तसा.

आईच्या पुस्तकासाठी आईचाच पडदा केलास. तुला लाज कशी वाटली नाही? मी रडले ते तिला पाहून रडले, आणि मला ते कळलंही नाही.

पण खोटेपणाहून मला दुसरीच गोष्ट खातेय. काल रात्रभर तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. आधी काळं, मग फ्रीज, मग हा पडदा, आणि मी येते म्हटल्याबरोबर तुझं ते गोड पत्र. तू आळशी नाहीस. एवढी खटपट आळशी माणूस करत नाही.

परसात काय आहे, धाकट्या? परस आहे ना?

ताई


३ नोव्हेंबर

ताई,

नाही.

परस नाही. गेल्या वर्षी एप्रिलात मी तिथे सिमेंटचा कोबा टाकून घेतला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. जास्वंद काढली, लिंबाचं झाड काढलं. टाकी तेवढी राहिली, कारण तिच्यात पाणी आहे. कोबा टाकणाऱ्याने विचारलं, कशासाठी? मी म्हणालो, गाडी लावायला. माझ्याकडे सायकल आहे. बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि नंतर बोलायला लागली ती हा विषय सोडून.

किडे दोन गल्ल्या पलीकडच्या रोपवाटिकेतून आणले. तिथला माळी डबीत भरून देतो. डबी घरी आणायची, गारठवायची, मांडायची. मागे स्टुडिओची भिंत, म्हणून काळं. तू शिकवत होतीस ते शटर मला येत होतं ग. शटर उघडं ठेवून दाखवणार काय, भिंत?

आता तो विषय मीच काढतो. वाचवत नसेल तर फाड.

त्या दिवशी सकाळी मी घरातल्याच स्टुडिओत एका माणसाचा पासपोर्टचा फोटो काढत होतो. दहा वाजले असतील. मागच्या खिडकीतून त्याच्या गालावर ऊन येत होतं म्हणून पडदा ओढायला गेलो. आई टाकीजवळ पालथी पडली होती. कोपर बाहेर, डोकं कॅमेऱ्याशी. जशी नेहमी असते तशी. मी पडदा ओढला.

सव्वाअकराला पडदा जरा सारून पाहिलं. तशीच. मनात म्हटलं, आज मोठं सावज दिसतंय. मला बरंही वाटलं, कारण आदल्या दिवशी तिला काहीच मिळालं नव्हतं. हाक मारली नाही. हाक मारायची नाही, हा घरचा नियम. दुसऱ्या कुठल्या घरात म्हातारी बाई मातीत पालथी दिसली असती तर सगळी गल्ली धावली असती. आपल्या घरात मी पडदा ओढला.

साडेबाराला जेवायला बोलवायला बायको गेली.

आणि ताई, फ्लॅश. ती बाहेर फोटो काढत असली की पडद्यावर उजेड लुकलुकायचा, दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी. गिऱ्हाईकं विचारायची, वीज चमकतेय का? त्या दिवशी अडीच तासांत एकदाही लुकलुकला नाही. फ्लॅशवर पोट भरणारा माणूस मी. इतर कुणाला नाही कळलं तर चालेल, मला कळायला हवं होतं. डॉक्टरांना विचारलं, दहाला नेली असती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. ते 'सांगता येत नाही' उशाला घेऊन मी झोपतो.

तिच्याखालचं गवत आठवडाभर दबलेलं होतं. रोज पडदा उघडला की ते. म्हणून कोबा. तू दारात जे विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तुझ्या तोंडावर सांगण्यापेक्षा तुला घालवणं सोपं होतं. आता कळलं? सुखी हो. लोकांनाही सांग.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दीड वर्षात पहिल्यांदा पायरी उतरलो. कोब्याला टाकीजवळ तडा गेलाय. त्यातून गवताचं एक पातं वर आलंय, आणि त्या पात्यावर कुंभारमाशी बसली होती. खरी, कुणी डबीत न आणलेली. टाकीच्या गळतीवर चिखल न्यायला येत असावी. मी कॅमेरा आणला, वाडगा लावला आणि तिथेच पालथा पडलो. शटर चाळीस. दोन तास लागले.

एकच फोटो आहे. तो पाठवतोय. मागे जे आहे ते आहे. बाकीचे नऊ जाळ.

धाकटा


१८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. या वेळी मनात आहेत का, ते मलाच अजून कळलेलं नाही.

तुझं पत्र पाच तारखेला आलं. तेरा दिवस मी उत्तर लिहून फाडतेय. पहिल्या काही पत्रांत नुसत्या शिव्या होत्या, त्या वाया गेल्या याचं वाईट वाटतं, काही फार चांगल्या जमल्या होत्या.

कोब्याबद्दल तुला माफी नाही. तुझं दुःख तुझं होतं, परस तिचं होतं. तुला बघवत नव्हतं तर पडदा शिवून टाकायचास. मला लिहायचंस. शत्रूलाही माणूस एवढं कळवतो.

आता दुसरं. हे लिहायलाच तेरा दिवस लागले.

तू लिहिलंस, हाक मारायची नाही हा घरचा नियम. तो घरचा नियम नव्हता. आईने असा नियम कधीच केला नाही. तू सहा वर्षांचा होतास. ती पालथी पडली होती, तू धावत जाऊन तिच्या पाठीवर बसलास आणि नाकतोडा उडाला. मी तुझ्या थोबाडीत मारली. आईने कॅमेरा बाजूला ठेवला आणि मलाच झापलं. म्हणाली, "त्याला हाक मारू दे ग. किडे पुष्कळ येतील." तू भोकाड पसरलं होतंस, तुला ते ऐकू गेलं नसेल. मला आईची बोलणी खावी लागली याचा राग तुझ्यावर निघाला. संध्याकाळी तुला कोपऱ्यात घेऊन मी दम भरला, की आई पालथी दिसली की जवळ जायचं नाही, हाक मारायची नाही, मारलीस तर बघ. तू मान हलवलीस. चाळीस वर्षं तू ताईचं ऐकलंस.

ऑगस्टात मी ती थोबाडीत फुशारकीने लिहिली. मला टोचायला आयती सुई तुझ्या हातात होती, आणि तू उत्तरात त्यावर एक अक्षर काढलं नाहीस. या पत्रातही नाही. 'घरचा नियम' म्हणालास. मला दारात तुला विचारायचं काही कारणच नव्हतं, धाकट्या. त्या खिडकीशी मी असते तर मीही पडदा ओढला असता.

पुस्तकाचं सांगते. ते नऊ मी फाडले. मालकांना खरं काय ते सांगून टाकलं. ते म्हणाले, मग चाळीस नाहीत, मग पुस्तक नाही. मी तुझा एक फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मुंगळ्यापेक्षा जास्त वेळ धरला. मग खूप कुरकुरले, पानांची जुळणी पुन्हा करायला लावली, पण ऐकलं. बत्तीस फोटोंचं पुस्तक डिसेंबरात यंत्रावर चढतंय. आईच्या यादीत कुंभारमाशी शेवटची होती, ती शेवटीच राहील. त्याखाली फोटो कुणी काढला ते लिहिलंय.

एक मिशी किंचित दुहेरी आलीय. राहू दे. मागे खाली राखाडी कोबा आहे आणि वर एक पांढरट चौकोन. आधी मला ओळखू येईना. मग कळलं, टाकीजवळ जमिनीवर पडून वर पाहिलं की तुझ्या स्टुडिओची खिडकी दिसते. पडदा उघडा आहे. त्या चौकोनाचा रंग मी जरासाही हलवलेला नाही.

रविवारी येतेय. मागच्या फाटकातून नाही, पुढच्या दाराने. शब्द मोडायचा तर एकदा मोडून पाहते. बायकोला सांग, मी पाणीही पिईन आणि जेवेनही. पहार आणि घण आणून ठेव. टाकीजवळच्या तड्यापासून कोबा फोडायला घेऊ, गवताचं ते पातं सांभाळून. आपलं भांडण होणारच, ते फोडता फोडता करू.

मी आता साठीकडे झुकलेय. कुठे वाकलेली, बसलेली, पडलेली दिसले, तर हाक मार. जोरात मार. किडे पुष्कळ येतील.

ताई